कानाच्या बाजूची मोजणी

मराठीने आवाजांची प्रतवारी मोठ्या बारकाईने केली आहे. पाखरांची किलबिल, पानांची सळसळ, बैलगाडीचा खडखडाट, बाजारातला कलकलाट, पोरांचा गलका, नगाऱ्याचा दणदणाट. प्रत्येकाला स्वतंत्र शब्द, आणि शब्द उच्चारताच तो आवाज कानात उमटावा अशी त्याची घडण. या सगळ्यांच्या वर मग दोन मोठे वर्ग, नाद आणि गोंगाट. नाद हवाहवासा, गोंगाट नकोसा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली लोकवस्तीतील गोंगाटाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे सिद्ध केली, त्यांतली व्याख्याही जवळजवळ हीच आहे. ध्वनी आणि गोंगाट यांत भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काही भेद नाही. नको असलेला ध्वनी तो गोंगाट, असे ते शास्त्रज्ञ सांगतात. व्याख्या सोपी आहे. पण 'नको असलेला' म्हटले की 'कोणाला?' हा प्रश्न उभा राहतो आणि आपल्याकडची सारी भांडणे तिथूनच सुरू होतात. माझ्या घरची सनई मला नाद, शेजाऱ्याच्या घरचा डीजे मला गोंगाट. शेजाऱ्याचा हिशेब बरोबर उलटा.

आमचे घराणे कामरेजला आले ते गायकवाडीत. कामरेज तेव्हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. आजोबा वहिवटदार कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले आणि इथलेच होऊन गेले. या अंकाच्या बहुतेक वाचकांच्या घरी असेच एखादे आजोबा किंवा पणजोबा असतील, म्हणून तो इतिहास लांबवीत नाही. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, आम्ही तापीकाठीच राहिलो. मी गुजरात सरकारच्या महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. संशोधक म्हणतात की प्राचीन काळी कामरेज हे तापीवरचे बंदर होते. २००३ साली इथे उत्खननही झाले. त्या बंदरावर किती गलका असे, याची नोंद मात्र खापरांत सापडत नाही.

आजच्या कामरेजचा आवाज ऐकायला उत्खनन नको. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ८ आणि आताचा ४८, आमच्या गावाला लागूनच जातो. चार रस्त्यावर दिवसरात्र मालमोटारींची रांग. ज्या शेतांत माझ्या लहानपणी ऊस उभा असे तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत. सौराष्ट्रातून आलेली कष्टाळू पाटीदार कुटुंबे, खानदेशातून आलेली आपली माणसे, कोठे भरतकामाच्या यंत्रांचा एखादा गाळा, आणि या सर्वांच्या मध्ये मोकळ्या जमिनीवर पार्टी प्लॉट. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे असाच एक प्लॉट आहे. पुढून महामार्ग, मागून लग्नाची वरात, अशी आमची चतुःसीमा.

त्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत मी पोहोचलो तो घरच्या आजारपणामुळे. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला हृदयविकाराचा त्रास झाला, स्टेंट घालावा लागला. घरी परतताना डॉक्टरांनी औषधे, पथ्य, फिरणे सारे सांगितले आणि शेवटी विचारले, "झोप कशी लागते?" ती म्हणाली, "झोप लागते हो, आवाजाची सवय झालीये." डॉक्टर म्हणाले, "सवय तुम्हाला झाली असेल, तुमच्या हृदयाला झाली असेल असे धरून चालू नका." त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो आणि वाचू लागलो.

डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपलेल्या माणसाचे कान जागेच असतात. बाहेर हॉर्न वाजला की माणूस उठून बसत नाही, सकाळी त्याला आठवतही नाही. पण नाडी क्षणभर वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, संकटाच्या वेळी शरीर जी संप्रेरके सोडते ती थोडी सुटतात, गाढ झोप उथळ होते. रात्रीतून हे वीस-पंचवीस वेळा आणि वर्षानुवर्षे झाले म्हणजे रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०११ साली या हानीचा अंदाज प्रसिद्ध केला. पश्चिम युरोपात केवळ रहदारीच्या गोंगाटापायी दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षे वाया जातात, असा तो अंदाज होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा झोपमोडीचा होता.

म्हणून १९९९ च्या तत्त्वांत शयनगृहाला मानाचे स्थान आहे. रात्रीच्या आठ तासांत खोलीच्या आतली आवाजाची सरासरी ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि एखादा सुटा आवाज ४५ च्या वर नसावा. खिडकी थोडी उघडी असली तर बाहेरचा आवाज आत येईतो सुमारे १५ डेसिबलने उतरतो असे धरून घराबाहेरची मर्यादा ४५ ठरवली आहे. २००९ साली युरोपसाठी वेगळी रात्रतत्त्वे आली, त्यांत बाहेरची वार्षिक सरासरी ४० असावी असे म्हटले. २०१८ च्या सुधारित तत्त्वांत रस्त्यावरील रहदारीच्या आवाजासाठी रात्रीचा आकडा ४५ आहे. हे वाचताना मला त्या थोड्या उघड्या खिडकीचे हसू आले. वैशाखात आमच्या भागात खिडकी थोडी उघडी कोण ठेवतो? ती सताड उघडी असते, आणि पूर्वी तर सारे गाव अगाशीवर झोपायला जाई. ज्याच्या आणि महामार्गाच्या मध्ये फक्त मच्छरदाणी आहे, त्याला ते १५ डेसिबल कुठून मिळणार? ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे तो खिडकी लावून घेतो. म्हणजे शांततेलाही आता वीजबिल आहे.

डेसिबलचे गणित मात्र एकदा समजून घेतले पाहिजे, कारण ते आपल्या पाढ्यांप्रमाणे चालत नाही. ४५ वरून ५५ म्हणजे दहाने वाढ असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. नुसत्या तीन डेसिबलच्या वाढीत ऊर्जा दुप्पट होते. सरासरीचेही असेच. मी कागदावर आकडेमोड करून पाहिली. समजा, रात्रीचे आठ तास पूर्ण शांतता आहे आणि त्यात फक्त एक सेकंद ९० डेसिबलचा हॉर्न वाजला. तर साऱ्या रात्रीची सरासरी ४५ च्या किंचित वर येते. म्हणजे सरासरीच्या कागदावर ती रात्र जवळपास निर्दोष ठरते. पण तोच हॉर्न उघड्या खिडकीतून ७५ च्या पातळीवर उशाशी आला आणि झोपलेले माणूस दचकले, हे त्या कागदावर उमटत नाही. यासाठीच संघटनेने सरासरीच्या जोडीला सुट्या आवाजाची मर्यादा ठेवली. आपल्या नियमांत वस्तीसाठी नुसती सरासरी आहे.

आपल्या नियमांना कोणी ढिले म्हणत असेल तर ते खरे नाही. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी निघाले. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५, औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. निवासी भागाचा रात्रीचा आकडा जागतिक तत्त्वांशी तंतोतंत जुळतो. कागदावर कामरेज स्टॉकहोमच्या शेजारी आहे.

पण कागद जमिनीवर येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ही जमीन कोणत्या भागात मोडते? महसुलात आयुष्य गेल्यामुळे मला त्याची गंमत कळते. एका सर्व्हे नंबरला निवासी बिनखेती, शेजारच्याला व्यापारी, त्याच्या पलीकडे अजून खेतीचीच जमीन आणि तिच्यावर मांडव. सातबाराच्या उताऱ्यावर रेघ स्पष्ट असते, आवाज ती रेघ पाहून थांबत नाही. दुसरा प्रश्न तक्रारीचा. नियमांप्रमाणे मर्यादेहून १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर नागरिकाने तक्रार करावी. आता वरचे गणित आठवा: मर्यादेच्या दसपट ऊर्जा सोसल्यावर तोंड उघडण्याचा अधिकार. (२०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर तेवढ्यावरूनही तक्रार करता येते, ही सुधारणा चांगली आहे.)

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तिथे येतो. १९९९ च्या तत्त्वांत उत्सव आणि समारंभांसाठीही एक ओळ आहे. समारंभातील आवाजाची चार तासांची सरासरी १०० डेसिबलपर्यंत चालेल, पण अट अशी की असा प्रसंग एका माणसाच्या वाट्याला वर्षातून पाचपेक्षा कमी वेळा यावा. मला ती ओळ फार विचारपूर्वक लिहिलेली वाटते. ते लोक उत्सवाच्या विरुद्ध नाहीत. माणसे नाचणार, गाणार, हे त्यांना मान्य आहे. त्यांनी फक्त मोजणी कानाच्या बाजूने केली. किती लोकांनी किती वेळा वाजवले हे ते विचारत नाहीत. एका कानाने किती वेळा ऐकले, हे विचारतात.

आपली परवानगीची पद्धत तोंडाच्या बाजूने मोजते. ध्वनिवर्धकाच्या परवानगीचे अर्ज अनेक वर्षे माझ्या टेबलावरून गेले आहेत. अर्जदाराचे नाव, प्रसंग, स्थळ, वेळ, खाली छापील अटी: आवाज मर्यादेत ठेवावा, १० वाजता बंद करावा. प्रत्येक अर्ज आपल्या जागी वाजवी असतो. मुलीचे लग्न कोणी रोज करीत नाही. नोंदवहीत त्याची एक ओळ होते, अनुक्रमांक पडतो. वाजवणाऱ्यांची अशी साद्यंत नोंद असते. ऐकणाऱ्यांची नोंदवही कुठल्याच कचेरीत नसते. मागच्या भिंतीपलीकडे एका मोसमात चाळीस लग्ने झाली तर चाळीस निरनिराळ्या कुटुंबांनी प्रत्येकी एकदाच आनंद केला. भिंतीअलीकडच्या एका उशीने तो चाळीस वेळा ऐकला. बेरीज करण्याचा रकानाच नसल्यामुळे ती बेरीज कधी होत नाही. २००२ सालच्या दुरुस्तीने राज्य सरकारला सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ वाजेपर्यंत ध्वनिवर्धकाला मुभा देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती मुभा कायम ठेवली. लोकांचा समज असा झाला आहे की त्या दिवसांत आवाज कितीही चालतो. मुभा फक्त घड्याळापुरती आहे, डेसिबलला ती लागू नाही.

मागच्या प्लॉटवर एकदा साडेअकराला मी स्वतः गेलो. मुलीचे वडील ओळखीचे निघाले, आमच्याच सोसायटीच्या पुढच्या गल्लीतले. हात जोडून म्हणाले, "काका, दीकरीचं लग्न एकदाच असतं. आजची रात्र सांभाळून घ्या." मी काय बोलणार? त्यांचे वाक्य शंभर टक्के खरे होते. मी पेढा घेऊन परत आलो. पत्नी म्हणाली, "अहो, तक्रार वगैरे काही करू नका. त्यांच्याच मुलाने मला त्या रात्री दवाखान्यात पोहोचवले होते." तेही शंभर टक्के खरे.

आपल्यासारख्या जुन्या स्थायिक कुटुंबांची ही अडचण कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. चार पिढ्या इथे काढल्या, भाषा घरची झाली, तरी तक्रारअर्जाखाली मराठी आडनाव लिहिताना हात जरासा थबकतो. 'बाहेरचे' म्हणून कोणी बोट दाखवील ही भीती आता उरलेली नाही; ज्यांच्याकडून साखर उसनी आणली त्यांच्या आनंदावर पोलीस पाठवायचा, याचा संकोच मोठा. म्हणून मला मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा निर्णय महत्त्वाचा वाटतो. कुर्ल्याच्या नेहरूनगरातील रहिवाशांच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. आणि त्याहून कामाची गोष्ट सांगितली, की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारत बसू नये आणि कळली तरी ती दुसऱ्या पक्षाला कळवू नये. त्याआधी ऑगस्ट २०१६ मध्ये, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर याच न्यायालयाने उत्सवांतील ध्वनिवर्धकांविषयी सविस्तर निर्णय दिला होता आणि शहरांचे ध्वनी-नकाशे तयार करण्यास सांगितले होते. मुंबईचे डॉ. यशवंत ओक, सुमैरा अब्दुलाली अशा मंडळींनी त्याआधी कित्येक वर्षे हा लढा हातात मीटर घेऊन लढवला. हे निर्णय गुजरातेत बंधनकारक नाहीत, हे मी नोकरीच्या सवयीने नमूद करतो.

मोजले तर फरक पडतो का, असे आमच्या मंडळातील एकाने मला विचारले. त्याला मी न्यूयॉर्कची हकीकत सांगितली. तेथील एका शाळेच्या अगदी शेजारून उंच पुलावरची रेल्वे जात असे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्या शाळेतील रुळांकडच्या बाजूच्या वर्गांतली मुले आणि दुसऱ्या, शांत बाजूची मुले यांचे वाचन ताडून पाहिले. गोंगाटाच्या बाजूची मुले मागे पडली होती. वरच्या इयत्तेत तर ही पिछाडी जवळजवळ वर्षभराची होती. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. नंतर रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आवरण बसवले, आणि १९८१ साली पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले सारखी वाचत होती. जागतिक तत्त्वांत वर्गातील आवाजाची मर्यादा ३५ डेसिबल आहे. महामार्गालगतच्या आपल्या शाळांत खिडक्या उघड्या ठेवून शिकवणाऱ्या बाईंचा घसा रोज किती खरवडला जातो, याचा विचार त्या आकड्याशेजारी बसून करावा.

हा जो मंडळी म्हणून उल्लेख केला, ते आमच्या इथले मराठी मंडळ. गणपती दहा दिवसांचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजे असावा की नसावा, यावर अलीकडे जी बैठक झाली ती चांगलीच तापली. मी डीजे नको म्हणालो. तरुण मंडळींपैकी एक जण उठून म्हणाला, "काका, सगळे वाजवतात. आपणच का गप्प बसायचे? आपली ओळख वर्षातून एक दिवस तरी ऐकू येऊ दे." त्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. परप्रांतात चार पिढ्या राहिलेल्या समाजाला आपण इथे आहोत असे मोठ्याने सांगावेसे वाटते, यात गैर काय? शेवटी डीजेऐवजी ढोल-ताशा ठरला. सर्वांना वाटले, प्रश्न सुटला. मला ढोल-ताशा मनापासून आवडतो. पथकाची पहिली थाप पडली की या वयातही पाय ठेका धरतात. पण सरावाच्या वेळी हातातला मोबाइल चालू करून पाहिला तर आकडा शंभराच्या वर. मोबाइलचे मापन काही प्रमाणित मीटरचे नव्हे, पण इतकी चूक त्यात नसावी. आकड्याला ढोल मराठी की डीजे पंजाबी, आरती की नमाज, वरात की प्रचारसभा, हे कळत नाही. नाद कोणाचा आणि गोंगाट कोणाचा या वादाला एवढा एकच तिऱ्हाईत आहे.

म्हणून मी बैठकीत दुसरा ठराव मांडला: मिरवणुकीच्या वाटेवर जे प्रसूतिगृह आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावले, म्हणजे नियमातल्या १०० मीटरच्या थोडे आतच, ढोल थांबवून फक्त टाळांवर चालायचे. ठराव कसाबसा मंजूर झाला. ती शंभर पावले पथकाला फार लांब वाटली, हे खरे. एका पोराने तर मध्येच ताशावर काडी फिरवली. वरच्या मजल्याच्या गॅलरीत एक परिचारिका उभी होती. तिने खाली पाहून हात जोडले की नुसतेच गणपतीला नमस्कार केला, हे मला सांगता येणार नाही.

भारतातील सात महानगरांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून आवाज सतत मोजणारी केंद्रे बसवली. त्या सातांत मुंबई होती, सुरत नव्हते. मग कामरेजचे नाव कोण घेणार? अशा वेळी निवृत्त माणसाकडे जे एकमेव साधन उरते ते मी वापरले आहे. माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज केला: मागील पाच वर्षांत, आमच्या घरामागील या एका सर्व्हे नंबरवर, ध्वनिवर्धकाच्या एकूण किती परवानग्या दिल्या गेल्या? कोणाला दिल्या हे विचारलेले नाही, कोणाचे नाव मागितलेले नाही. फक्त बेरीज. पत्नीला दाखवून अर्ज टपालात टाकला. तिने एकच विचारले, "त्यात कुणाच्या मुलीचे नाव नाही ना?" उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची असते, हे लिहितो आहे तो अठरावा दिवस.